पाझरणारे माठ आणि संगणकाची स्मृती

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. माढ्यातली नववीतली एक मुलगी थोरल्या भावाचा जुना लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. "सर, दोन कामे एकदम सांगितली की हा नुसता बसून राहतो. दादा म्हणतो, मोडीत घालू. पण नवा घ्यायला यंदा जमणार नाही. यंत्र म्हातारे झाले की विसरते का?"

प्रश्न छान होता. पण खरी गंमत अशी, की संगणकाची कामाची स्मृती नव्या कोऱ्या यंत्रातही क्षणोक्षणी विसरतच असते! ते कसे, ते आपण पाहू.

अंगणात माठांची रांग मांडली आहे, असे समजा. भरलेला माठ म्हणजे १ आणि रिकामा माठ म्हणजे ०. अशा खुणांनी आपण एक निरोप ठेवला. पण माठ पाझरतात. संध्याकाळपर्यंत सगळेच रिकामे होतील आणि निरोप पुसला जाईल. यावर उपाय काय? एक पाणक्या नेमायचा. त्याने सतत फेऱ्या मारायच्या. माठात अर्ध्याहून जास्त पाणी दिसले, तर तो काठोकाठ भरायचा; नाही तर रिकामाच ठेवायचा.

लॅपटॉपची मेमरी नेमकी अशीच चालते. तिच्यातला प्रत्येक माठ म्हणजे एक सूक्ष्म धारित्र आणि पाणी म्हणजे विद्युतभार. धारित्रावर जाण्यायेण्याची वाट उघडझाप करणारा एक ट्रान्झिस्टर असतो. ही सुटसुटीत रचना आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली. भार गळतो, म्हणून आजच्या मेमरीत प्रत्येक धारित्र साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला सुमारे १६ वेळा, पुन्हा भरले जाते. चिप फार तापली की गळती वाढते आणि पाणक्याला दुप्पट फेऱ्या माराव्या लागतात. वीज गेली, की पाणक्या थांबला आणि निरोप संपला! तुमचे फोटो आणि गृहपाठ मात्र शाबूत राहतात, कारण ते डिस्कवर साठवलेले असतात.

पूर्वीची स्मृती अशी विसरभोळी नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली काम करू लागला. त्याच्या स्मृतीत फेराइटची चिमुकली कडी तारांत ओवलेली होती. कडे एका दिशेने चुंबकित झाले तर १, उलट दिशेने झाले तर ०. वीज गेली तरी चुंबकत्व टिकते. पण एका बिटला एक कडे! साऱ्या टिफ्रॅकच्या स्मृतीत एक लाख बिटसुद्धा नव्हते. आमच्या त्या जुन्या लॅपटॉपच्या ४ गिगाबाइट मेमरीत ३४ अब्जांहून अधिक बिट आहेत. विसरभोळेपणा पत्करून माणसाने एवढी जागा मिळवली.

मग एवढी जागा असून लॅपटॉप अडतो का? मेमरी म्हणजे तुमचे अभ्यासाचे टेबल आणि डिस्क म्हणजे कपाट. टेबल भरले, की एक वही कपाटात ठेवल्याशिवाय दुसरी काढता येत नाही. जुन्या फिरत्या डिस्कवरची माहिती शोधायला मेमरीच्या मानाने सुमारे एक लाख पट वेळ लागतो. म्हणजे एका सेकंदाच्या कामाला एक दिवसाहून जास्त!

म्हणून आम्ही प्रथम मोजमाप केले. नेहमीची कामे चालू ठेवून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये पाहिले, तर मेमरी जवळजवळ पूर्ण भरलेली. याचा अर्थ टेबलच अपुरे होते. हा आकडा निम्म्यावरच असता, तर नवी पट्टी घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे ठरले असते.

आता योग्य पट्टी निवडायची. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पिढ्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २०४ स्पर्शबिंदू असतात, डीडीआर४ ला २६०. त्यांची खाचही वेगवेगळ्या जागी असते, म्हणजे चुकीची पट्टी बसूच नये. काही लॅपटॉपांत मेमरी मुख्य फलकावर कायमची डाखलेली असते. तिथे हा उपाय चालत नाही. आमच्या लॅपटॉपात सुदैवाने एक खोबण रिकामी होती.

इथे माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच थंडीत, अंगात लोकरीचा स्वेटर आणि बसायला प्लॅस्टिकची खुर्ची, अशा थाटात मी एक नवी पट्टी सोनेरी कडेलाच धरून बसवली. यंत्र सुरूच झाले नाही. कारण मला सिद्ध करता आले नाही, पण संशय स्थितिक विद्युतेवरच आहे. आपल्याकडची हिवाळी हवा कोरडी असते, त्यामुळे अंगावर साठलेला भार लवकर निघून जात नाही. ठिणगीचा चटका आपल्याला सुमारे ३,००० व्होल्टच्या पुढे जाणवतो. चिप त्याहून कितीतरी कमी व्होल्टला निकामी होऊ शकते. म्हणजे आपल्याला पत्ताही न लागता ती मरते!

या वेळी शहाणपण वापरले. लॅपटॉप बंद केला, चार्जर आणि बॅटरी काढली. सुती कपडे घातले, जमिनीत गेलेल्या लोखंडी नळाला हात लावून अंगावरचा भार उतरवला. मुलीने पट्टी कडांना धरली, खोबणीत तिरपी सरकवली आणि हलकेच खाली दाबली. दोन्ही बाजूंच्या पकडी 'टक्' करून बसल्या. यंत्र सुरू केल्यावर ८ गिगाबाइट दिसले. पुन्हा तीच कामे चालू केली, पुन्हा मोजले. आता टेबलावर जागा शिल्लक होती आणि लॅपटॉप अडत नव्हता. मोडीत जाणारे यंत्र तिच्या अभ्यासाला आले.

आता तुम्ही एक प्रयोग करून पाहा. कोरड्या केसांवर प्लॅस्टिकचा कंगवा घासा आणि कागदाचे कपटे उचला. हाच प्रयोग पावसाळ्यात दमट दिवशी करा. कोणत्या दिवशी जास्त कपटे उचलले जातात, ते वहीत लिहून ठेवा. मग सांगा पाहू, मेमरी बसवायला कोणता दिवस अधिक धोक्याचा? आणि घरातले एखादे यंत्र मोडीत निघायच्या बेतात असेल, तर मोठ्या माणसांना सोबत घ्या. आधी मोजा, मगच बदला!