मोबाइल नंबर कोणाचा?

रात्रपाळी सुटली की बोईसरच्या खासगी दवाखान्यांत गर्दी होते. तारापूर एमआयडीसीतून बाहेर पडलेला कामगार खोलीवर जायच्या आधीच डॉक्टरला दाखवून घेतो, कारण एकदा आडवा झाला की दिवस गेला. स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावरच्या अशाच एका छोट्या रुग्णालयात मी काउंटरच्या आतल्या बाजूला, कॉम्प्युटरवर बसणाऱ्या ताईंच्या मागे स्टूल टाकून बसले होते. रुग्णालयाचं नाव लिहायचं नाही, या अटीवर.

ताई आधी आजार विचारत नाहीत. "पहले आए थे?" आणि लगेच "मोबाइल नंबर बोलो." जुनी नोंद शोधायची ती नंबरावरून. नावावरून शोधण्यात अर्थ नसतो, हे थोडा वेळ बसलं की कळतं. मोहम्मद किती तऱ्हांनी लिहायचा, रामप्रसाद एक शब्द की दोन, आडनावाच्या रकान्यात 'कुमार' टाकायचं की तो रिकामा सोडायचा, हे त्या दिवशी काउंटरवर कोण बसलं होतं त्यावर ठरलेलं असतं. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडून आलेल्यांची आडनावं मोजकीच, तीच तीच. जन्मतारखेचाही उपयोग नाही. आधार काढताना नुसतं वय सांगितलेले बरेच जण १ जानेवारीचे आणि शाळेत गेलेले १ जूनचे. या दुसऱ्या तारखेचं श्रेय महाराष्ट्रभरच्या हेडमास्तरांना.

उरतो मोबाइल. इथल्या सगळ्या नोंदींची भिस्त त्यावर आहे आणि गोम नेमकी तिथेच आहे.

उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातून आलेल्या माणसाकडे इथे आला तेव्हा एक सिम असतं, पुढच्या वर्षी दुसरं. नवीन आलेल्याला स्वतःचा नंबर पाठ नसतो, मग तो सोबत्याचा सांगतो. पडला, भाजला, हात मशीनमध्ये गेला, तर आणून सोडणारा सुपरवायझर किंवा ठेकेदार स्वतःचा नंबर देऊन मोकळा होतो. त्यामुळे ताईंनी एक नंबर टाकला की पडद्यावर सात-आठ नावांची यादी उघडते. सगळे पुरुष, सगळे पंचवीस ते पस्तीसमधले, पत्ता एकाच चाळीचा. यातला समोर उभा असलेला कोणता?

मग चौकशी सुरू होते. गाव कुठलं? मागच्या वेळी काय झालं होतं? "उँगली में टाँका लगा था." कोणत्या हाताला? ताई यादीतल्या एकेका नोंदीत शिरतात, डाव्या तर्जनीचे टाके सापडतात आणि माणूस सापडतो. पण मागे रांग असते. 'नवीन पेशंट'चं बटण एका क्लिकवर असतं. ते दाबलं की रांग पुढे सरकते आणि त्याच माणसाची तिसरी फाइल तयार होते. एकीत साखरेचे रिपोर्ट, दुसरीत छातीचा एक्स-रे, तिसरी कोरी. फाइली मर्ज करायचा अधिकार फक्त मोठ्या डॉक्टरांच्या लॉगिनला आहे आणि मोठ्या डॉक्टरांना त्यासाठी सवड नाही. पेशंटला ओळखण्याचं हे काम मला आतल्या तपासणीइतकंच वैद्यकीय वाटलं. त्याचा पगार मात्र तसा नाही.

आत डॉक्टरांच्या टेबलावर आणखी एक गोष्ट पाहिली. अ‍ॅलर्जीचा रकाना. फाइल उघडली की तिथे आधीच 'नाही' भरलेलं असतं. विचारून 'नाही' आलं की कुणी विचारलंच नाही, हे त्या शब्दावरून कळायला मार्ग नाही. जुन्या कागदी केसपेपरवर जागा रिकामी राहिली तर रिकामी दिसायची, आणि रिकामी जागा पाहून सिस्टर निदान एकदा विचारायची. इथे भरलेलं दिसतं म्हणून कुणी विचारत नाही. सल्फाच्या गोळीने अंगावर पुरळ उठलेला माणूस नोंदीत 'नाही' घेऊन फिरत असेल, तर त्यापेक्षा कोरा कागद बरा. बटणं बनवणाऱ्यांनी 'विचारलं नाही' असा तिसरा पर्याय ठेवायला हवा होता. तपासणीच्या नोंदीचंही तेच. मागच्या भेटीचा मजकूर जसाच्या तसा पुढे ओढता येतो, मग दोन महिन्यांपूर्वीची स्वच्छ छाती आजच्या खोकल्यातही स्वच्छच राहते.

विखुरलेल्या फाइलींवर सरकारी तोडगा आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, त्यातून प्रत्येकाला चौदा आकडी आभा क्रमांक मिळतो. कोणत्याही दवाखान्यातली नोंद, पेशंटने संमती दिली तर, दुसऱ्या दवाखान्याला पाहता यावी ही कल्पना. कल्पना चांगलीच आहे. काउंटरवर तिचं काय होतं ते सांगते. आधारवरून आभा काढायचं तर ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो. तो नंबर गावी असताना जोडलेला, सिम बंद पडलेलं. ताई हसून म्हणाल्या, "ओटीपी गेला गोरखपूरला."

तोवर नोंदी फिरतात त्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून. तलासरी, विक्रमगडचा माणूस सिल्वासाला जातो, वापी-वलसाडला जातो, नाहीतर डहाणू लोकल पकडून मुंबईला. पिशवीत गुजरातीतली चिठ्ठी, इंग्रजीतलं डिस्चार्ज कार्ड, घडीवर फाटलेली सोनोग्राफी. ताई त्यांचे फोटो काढून फाइलला जोडतात. फोटोतलं अक्षर कॉम्प्युटरला शोधता येत नाही, पण निदान कागद हरवत नाही. कारखान्यात आग लागली, एकदम पाच-सहा भाजलेले आले, की मात्र कॉम्प्युटर बाजूला राहतो. 'अनोळखी १', 'अनोळखी २' अशी पट्टी मनगटाला, आणि पोलिसांसाठीची एमएलसी नोंद रजिस्टरमध्ये पेननेच.

आता परत त्या मोबाइलकडे. रिपोर्ट तयार झाला की सॉफ्टवेअर नोंदवलेल्या नंबरावर आपोआप लिंक पाठवतं. नंबर ठेकेदाराचा असेल तर रिपोर्ट ठेकेदाराला. रक्तातली साखर असेल तर फार बिघडत नाही. थुंकीत क्षयाचे जंतू निघाले तर? खासगी डॉक्टरनेही क्षयरुग्ण सरकारला कळवणं २०१२पासून बंधनकारक आहे. ती नोंद निक्षय पोर्टलवर होते, तिथेही मोबाइल लागतो, पाठपुराव्याचा फोनही त्याच नंबरावर. तो ठेकेदाराने उचलला, तर ज्याला आजार आहे त्याच्याआधी आजार कळतो तो त्याला कामावर ठेवायचं की नाही हे ठरवणाऱ्याला.

भोपाळच्या वायुगळतीनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक रसायनांत काम करणाऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदी मालकाने ठेवाव्यात आणि कामगाराला त्या पाहता याव्यात, असं कलम तेव्हा आलं. म्हणजे कामगाराला आपली नोंद दिसत नाही, हे दुखणं जुनंच. डॉक्टरांसाठीच्या २००२च्या नियमावलीत पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या सोबत्याने कागद मागितले तर ७२ तासांत द्यावेत असं आहे. ठेकेदार हा अधिकार दिलेला सोबती की नुसता सोबती, हे काउंटरवर दोन मिनिटांत कोण ठरवणार?

ताईंनी त्यांच्यापुरता उपाय काढला आहे. नंबराच्या पुढे 'नातं' असा रकाना आहे, त्यात पती, वडील, मुलगा असे पर्याय होते. सॉफ्टवेअरवाल्याच्या मागे लागून त्यांनी 'ठेकेदार' आणि 'रूमवाला' हे दोन वाढवून घेतले. हे निवडले की लिंक जात नाही, पेशंटला स्वतः यावं लागतं. यावरून रोज कुणीतरी भांडतं. मी होते तेव्हाही एक जण आला, खिशात बिलाची पावती.

"पैसा मैंने भरा है, रिपोर्ट मुझे दो."

"बिल तुम्हारा, तुमको दिया. रिपोर्ट उसका. उसको भेजो."

"वो तो ड्यूटी पे है."

"आठ बजे तक काउंटर चालू है," ताई म्हणाल्या आणि रांगेतल्या पुढच्याला मोबाइल नंबर विचारला.