मोडलेला मणका आणि जोत्यावरचे घर

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, जेथून गडचिरोलीची हद्द फार दूर नाही आणि जेथल्या मिरचीने गावाचे नाव बाजारपेठांतून नेले, त्या केशोरीच्या परिसरात उंचावरून पडण्याचे प्रसंग जणू ऋतुचक्रातच गोवलेले आहेत. मृगापूर्वी कवेलू फेरण्यासाठी छपरावर चढावे लागते, चिंच आणि जांभूळ उतरविण्यासाठी फांदीच्या टोकापर्यंत जावे लागते, धानाचा भारा डोक्यावर घेऊन निसरड्या धुऱ्यावरून तोल सांभाळीत चालावे लागते. आणि अलीकडे या सर्वांवर मोटारसायकलची भर पडली आहे. असा पडलेला मनुष्य पुष्कळदा कोणाचा तरी बाप असतो वा आई असते. १०८ क्रमांकाची गाडी येते, गोंदियाचे किंवा नागपूरचे शासकीय रुग्णालय गाठले जाते, मोडलेला मणका स्क्रू आणि पट्ट्या घालून स्थिर केला जातो, आणि काही आठवड्यांनी एक कागद मुलाच्या हाती देऊन रुग्णास घरी नेण्यास सांगितले जाते. कुटुंबाची समजूत अशी असते की उपचार संपले. वस्तुतः शल्यचिकित्सकाचे काम तेवढे संपलेले असते. मानेच्या अगदी वरच्या भागातील इजा वगळली, तर हा रुग्ण दुखावलेल्या मज्जारज्जूने सहसा मरत नाही. त्याचा घात होतो तो कातडीतून आणि मूत्राशयातून, आणि या दोहोंची राखण रुग्णालयात नव्हे, घरात व्हावयाची असते.

मणक्यांच्या पोकळीतून जाणारा मज्जारज्जू हा करंगळीच्या जाडीचा आणि प्रौढ माणसात सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा असून त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. मेंदूच्या आज्ञा खाली आणि त्वचेची वार्ता वर, अशी सारी वाहतूक याच एका मार्गाने चालते. बरगड्यांनी जखडलेला छातीचा कणा जेथे संपतो आणि मोकळेपणाने वाकणारा कमरेचा कणा जेथे सुरू होतो, त्या सांध्यावर पडणाऱ्या देहाचा भार येऊन आदळतो, आणि म्हणून झाडावरून पडलेल्यांत छातीचा बारावा किंवा कमरेचा पहिला मणका वारंवार मोडलेला आढळतो. अशा रुग्णाचे हात, श्वास आणि बुद्धी शाबूत राहतात. जातात ते पाय, आणि त्यांच्याबरोबर मलमूत्रावरील ताबा. हातातील एखादा मज्जातंतू तुटला तर तो अनुकूल परिस्थितीत दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू शकतो. मज्जारज्जूत मात्र तंतूंच्या आवरणातील काही प्रथिने आणि जखमेच्या जागी होणारा व्रण ही वाढ रोखून धरतात. इजा अपुरी असेल, म्हणजे काही तंतू बचावलेले असतील, तर पहिल्या वर्षात पुष्कळ सुधारणा होऊ शकते, आणि म्हणूनच इजा पूर्ण की अपूर्ण हा प्रश्न डॉक्टरांना विचारून त्याचे उत्तर लेखी घ्यावे.

घरी आल्यावर काही आठवड्यांनी एके दिवशी निपचित पडलेला पाय एकाएकी झटका देऊन हलतो, आणि घरभर आनंद होतो. हा आनंद मोडणे कठीण, पण आवश्यक आहे. इजेनंतर काही काळ मज्जारज्जूचा खालचा भाग सुन्न पडलेला असतो. तो सावरला की मेंदूला न विचारताच स्थानिक प्रतिक्षेप सुरू होतात आणि पाय आपोआप ताठरतात वा उडतात. तेवढ्यावरून पाय परतले असे मानू नये. हे झटके अचानक वाढले तर मात्र कोठे तरी जखम, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मलावरोध आहे असे समजून शोध घ्यावा, कारण ज्या देहाला दुखणे कळत नाही त्याची तक्रार करण्याची ती एक रीत आहे.

या व्याधीपुढे वैद्यकाने हजारो वर्षे हात टेकले होते. इजिप्तमधील एडविन स्मिथ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या वैद्यकीय पोथीत मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाचे अचूक वर्णन आहे आणि त्यावर उपचार करू नयेत असाच निर्णय आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत या निर्णयात फारसा फरक पडला नव्हता. तेव्हाच्या असल्या जखमींपैकी सुमारे ८० टक्के थोड्याच अवधीत दगावत, आणि बहुतेकांच्या मृत्यूचे कारण शय्याव्रण किंवा मूत्रपिंडापर्यंत पोचलेला संसर्ग हेच असे. नाझी राजवटीतून निसटून इंग्लंडात आलेले मज्जाविकारतज्ज्ञ लुडविग गुटमान यांनी १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडव्हिल येथे स्वतंत्र विभाग उघडला, तेव्हा त्यांच्याजवळ कोणतेही नवे औषध नव्हते. दिवसरात्र दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे, मूत्राशय नियमाने आणि स्वच्छतेने रिकामे करणे, आणि रुग्णास लवकरात लवकर उठवून कामाला लावणे, एवढ्यावर त्यांनी मृत्यूचे ते प्रमाण पार खाली आणले. चिकाटी एवढेच ज्याचे भांडवल, ते शास्त्र केशोरीच्या घरात चालणार नाही असे मानण्यास कारण नाही.

प्रथम कातडीचे पाहू. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील दाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटरइतकाच असतो. माकडहाड, ढुंगणाची हाडे आणि टाच यांखालील दाब त्याहून पुष्कळ अधिक झाला की तेथील रक्तपुरवठा थांबतो. तुम्हीआम्ही झोपेतही चुळबूळ करतो, कारण दबलेली जागा ठणकते. ज्याला ती ठणक पोचत नाही तो तसाच पडून राहतो आणि काही तासांत पेशी मरू लागतात. आपल्याकडील सुतळीची बाज या बाबतीत वैरीणच समजावी: ती मधोमध खचते, देह उताराकडे घसरतो आणि कातडी हाडावर ओढली जाते. त्याऐवजी सपाट फळीवर जाड फोमची गादी घालावी. मध्ये भोक असलेली हवेची रिंग दुकानात आग्रहाने विकली जाते, पण तिच्या काठाने सभोवारचे रक्त अडते, म्हणून ती घेऊ नये. खुर्चीत बसल्यावर दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर अंग उचलावे किंवा पुढे झुकावे. रोज सकाळी आणि रात्री आरसा धरून पाठ पाहावी. आणि दाब काढल्यावरही न मावळणारी लाली दिसली तर ती जागा पूर्ण बरी होईपर्यंत तिच्यावर क्षणभरही भार देऊ नये, तिला चोळू तर मुळीच नये. पौष-माघाच्या थंडीत प्रेमाने पायाशी ठेवलेली शेकोटी किंवा गरम पाण्याची पिशवी यांनी सुन्न पाय भाजतात आणि ते बापाला कळत नाही, मुलाला वास आल्यावर कळते. पायांच्या हाडांतील कॅल्शियमही पहिल्या वर्षात झपाट्याने कमी होतो. तेव्हा हाडवैद्याकडून पाय ओढून घेण्याचा मोह टाळावा, कारण असे हाड अल्प जोरानेही मोडते.

मूत्राशयाचा विषय आपल्या घरांत बोलला जात नाही. मुलाने बापाला आणि मुलीने आईला या अवस्थेत पाहणे हे उभयतांना मरणप्राय वाटते, आणि त्या संकोचातून कायमची नळी घालून पिशवी लटकवून ठेवण्याची सोय पत्करली जाते. प्रारंभी ती अपरिहार्य असते. पुढे मात्र तिच्या वाटेने जंतू चढतात, खडे धरतात. याहून उत्तम मार्ग म्हणजे दिवसातून चार ते सहा वेळा नळी घालून मूत्राशय रिकामे करणे आणि नळी काढून घेणे. अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी १९७२ साली दाखवून दिले की या कामाला शस्त्रक्रियागृहातील निर्जंतुकता लागत नाही, साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. कारण चार जंतूंहून अधिक अपाय फुगून ताणलेल्या मूत्राशयाने होतो, आणि त्याचा दाब उलट वर चढला तर मूत्रपिंडे निकामी होतात. मूत्राशयात एका वेळी अर्ध्या लिटरहून अधिक साचू देऊ नये, हा सर्वसाधारण नियम. ज्याचे हात शाबूत आहेत त्या बापाने हे काम स्वतः शिकावे. मग संकोचाचा प्रश्नच उरत नाही. शौचासाठी जेवणानंतर अर्ध्या तासाची ठरलेली वेळ पाळावी, कारण पोटात अन्न पडल्यावर आतडे हलण्याची क्रिया मज्जारज्जू दुखावल्यावरही पुष्कळशी टिकून असते.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा असेल तर आणखी एक संकट घरातील प्रत्येकाने जाणून असावे. नळी तुंबली, मूत्राशय भरले, मळ अडला किंवा कपड्याची गाठ रुतली, की खालच्या देहातून उठलेली प्रक्षुब्ध वार्ता मेंदूच्या नियंत्रणाशिवाय रक्तवाहिन्या आवळते आणि रक्तदाब भडकतो: डोके फुटेल असे दुखते, चेहरा लाल होतो, वरच्या अंगाला घाम सुटतो. अशा वेळी रुग्णास तत्काळ ताठ बसवावे, पाय खाली सोडावेत, कपडे सैल करावेत आणि नळी तपासून मूत्र मोकळे करावे. निववायला म्हणून आडवे करणे ही घातक चूक ठरते. या रुग्णांचा नित्याचा रक्तदाब ९० ते ११० एवढाच असतो, त्यामुळे १४० हा आकडा प्राथमिक आरोग्य केंद्रात पाहणाऱ्यास किरकोळ वाटेल. पण या माणसाच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. हे एका चिठ्ठीवर लिहून ती दवाखान्याच्या कागदांत सर्वांत वर लावून ठेवावी.

आणि वैशाख. पूर्व विदर्भाचा उन्हाळा ४५ अंशांना टेकतो, त्या दिवसांत निरोगी मनुष्य घामाच्या बळावर तगतो. मज्जारज्जूची इजा वरच्या भागात असलेल्या माणसाला इजेच्या खाली घामच येत नाही. मेंदूला उष्मा कळतो, पण त्याची आज्ञा घर्मग्रंथींपर्यंत पोचत नाही, आणि सावलीत बसल्याजागी ताप चढत जातो. म्हणून ओल्या फडक्याने अंग पुसणे, पंख्यासमोर ओले कापड पांघरणे आणि दुपारी घरातील सर्वांत थंड खोली त्याला देणे हे या हंगामातील औषधच होय. येथे एक विसंगती सांगितल्यावाचून राहवत नाही: नव्या घरकुलाचा सिमेंटचा स्लॅब चाकाच्या खुर्चीला सोईचा, पण मे महिन्यात तो तापलेल्या तव्यासारखा होतो, मातीचे, कवेलूचे जुने घर थंड, पण त्याचे जोते पावसाच्या भयाने दोन फूट उंच बांधलेले. रॅम्पचे मान एकास बारा असे आहे. म्हणजे दोन फुटांच्या जोत्याला २४ फूट लांबीचा उतार हवा, आणि अंगणात तेवढी जागा नसेल तर तो मध्ये वळवून घ्यावा लागतो. दार तीन फूट रुंद असावे, खुर्ची वळण्यास पाच फुटांचे वर्तुळ मोकळे असावे, पलंगाची उंची खुर्चीच्या बैठकीइतकी असावी. गवंडी गावातलाच असतो. त्याला मापे मात्र कोणी तरी द्यावी लागतात.

या सर्व खर्चात कुटुंब पिचलेले असते, तोच कोणी तरी 'स्टेम सेल'ची जाहिरात आणून दाखवितो आणि धानाची बांधी विकावी का, अशी कुजबुज सुरू होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताशी संबंधित ठरावीक रोग सोडले तर मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पैसे मागणारा हा उपचारक नसून विक्रेता आहे, एवढे ओळखावे आणि बांधी राखावी.

ती बांधी ज्याच्या नावे सातबाऱ्यावर आहे त्याला विचारल्याखेरीज तिचा विषयही काढू नये, हे येथे ओघानेच सांगावेसे वाटते. आपल्याकडे सेवा पुष्कळ होते. परंतु ज्याची सेवा होते त्याच्या डोक्यावरून रोवणीचे, कर्जाचे, लग्नाचे निर्णय घेतले जातात, आणि पायांबरोबर बापाची कर्तेपणाची वस्त्रेही उतरविली जातात. सोळाव्या वर्षी पायांचे बळ गेलेल्या कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी पुढे सरकारी नोकरी केली, १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली आणि 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन लिहिले. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले, आणि खडकीला १९७४ पासून अशा सैनिकांसाठी स्वतंत्र पुनर्वसन केंद्र चालत आले आहे. प्रत्येक बापाने पदक मिळवावे असा याचा अर्थ नव्हे. मिरचीचा हिशेब, बियाण्याची निवड, मजुरांची हजेरी ही कामे खुर्चीवरूनही होतात, आणि ती त्याच्याकडेच राहू द्यावीत. सेवेचा भार सुनेच्या वा लेकीच्या एकटीच्या माथी टाकू नये, हेही तितकेच खरे. कूस बदलण्यासाठी रात्री उठणे पुरुषालाही जमते.

कचेरीची कामे थोडक्यात सांगतो. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचा दाखला आणि ओळखपत्र काढून घ्यावे, त्याच्या आधारे तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करावा, आणि ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचे असतात याची आठवण ग्रामसभेत देऊन रॅम्पसाठी मागणी नोंदवावी.

आणि रुग्णालयात आज ज्यांचे आईवडील आहेत त्यांना एक विनंती. कूस बदलणे, नळी घालणे आणि पलंगावरून खुर्चीत घेणे ही कामे परिचारिकेच्या देखत आपण स्वतः करून दाखविल्याशिवाय, आणि शक्य असेल तेथे आईने वा वडिलांनी ती स्वतः करून पाहिल्याशिवाय, घरी जाण्याच्या कागदावर सही करू नये.