दुखवटा सरल्यावर

21 एप्रिल 2021. नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि त्या दिवशी 22 रुग्ण दगावले. नातेवाईक हाती लागेल तो सिलिंडर आपल्या माणसाच्या खाटेशी ओढून नेत होते. पुढे वारसांना मदत जाहीर झाली. पण शेवटपर्यंत उशाशी राहिलेल्यांच्या मनाचं काय झालं, हे टिपायला कुठल्याच अर्जात रकाना नव्हता.

एरवी तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. रामकुंडावरचा दशक्रिया विधी, शेजारचा डबा, येणाऱ्या प्रत्येकाचं ‘काय झालं होतं हो?’ आणि पुन्हा तीच हकिगत. सांगून सांगूनच दुःख थोडं हलकं होतं. कोरोनात तेही राहून गेलं. ‘वेळेवर दुसरीकडे हलवलं असतं तर?’ हे ऐकून घ्यायला कुणी नव्हतं.

त्याच वर्षी शेजारच्या अकोले तालुक्यातले हेरंब कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी केली. ऑगस्टमध्ये अशा महिलांसाठी सरकारचं ‘मिशन वात्सल्य’ आलं. काम कागदांचंच होतं: मृत्यूचा दाखला, चाचणीचा अहवाल, वारसनोंद, 50,000 रुपयांच्या सानुग्रह मदतीचा अर्ज. पण अशा कामाला चौघी एकत्र बसल्या की दाखला वाचता वाचता एकीचा आवाज थांबतो. दुसरी तो कागद हातात घेते आणि पुढचं वाचते, कारण तसाच कागद तिच्याही पिशवीत असतो. मला ही मिळालेल्या रकमेहून मोठी कमाई वाटते. बोस्टनमध्ये 1967 साली संशोधक फिलिस सिल्व्हरमन यांनी हेच ओळखलं होतं. नुकत्याच विधवा झालेल्या बाईकडे त्यांनी त्या दुःखातून गेलेलीच बाई पाठवली.

मात्र ही समिती बायकांसाठी होती आणि कोरोनापुरती. कर्करोगाच्या, स्मृतिभ्रंशाच्या, अर्धांगवायूच्या रुग्णाचं वर्षानुवर्षं सगळं करणारा मुलगा, सून, नवरा यांनी कुठे जायचं? औषधांच्या वेळा, कूस बदलणं, रात्रीची जाग, सगळं एका दिवसात संपतं. भेटायला आलेले म्हणतात, ‘सुटले बिचारे.’ आपल्यालाही सुटल्यासारखं वाटलं, ही टोचणी सेवा करणाऱ्याला बोलून दाखवता येत नाही. ती ऐकून न दचकणारा माणूस म्हणजे तेच सगळं करून बसलेला दुसरा कुणीतरी.

मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेली-मानस’ या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक 2022 पासून आहे, अडीनडीला तो जरूर फिरवावा. पण समोरासमोर बसायला जागाही हवी. 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय ज्या नाशिक शहरात आहे, तिथे महिन्यातून एका रविवारी एक खोली मिळणं अवघड नसावं. ज्यांच्या घरातलं आजारपण संपून दोन-चार वर्षं झाली आहेत, त्यांनी आता पुढे यावं आणि पहिली बैठक बोलवावी.