घोडा का अडला?

भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? या तिन्ही प्रश्नांचे एकच उत्तर आपल्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते : न फिरवल्यामुळे. भाकरीचे आणि विड्याच्या पानाचे लगेच पटते. न फिरवलेल्या घोड्याचे नेमके काय बिघडते, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. या उत्तराचा बराचसा भाग घोड्याच्या खुरात दडलेला आहे. तो समजल्यामुळेच काही देशांतील अश्वपालकांनी घोडे ठेवण्याची पद्धत बदलली. त्यांचे घोडे बिननालीचे असतात, कळपात राहतात आणि तबेल्याऐवजी एका वाटेवर दिवस काढतात.

आमच्या नाशिकला, इंदिरानगरच्या रस्त्यांवर लग्नसराईत नवरदेवाची घोडी दिसते. डांबरावर तिची टपटप दुरून ऐकू येते. त्या आवाजात घोडीचा वाटा किती आणि लोखंडाचा किती, असा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला, तर तिथूनच सुरुवात करता येईल.

एका बोटावर उभा प्राणी

पंजा टेबलावर उभा धरा आणि फक्त मधल्या बोटाचे टोक टेकवा. घोडा चारही पायांवर असाच उभा असतो. त्याच्या पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो, तो खरे तर आपल्या मनगटाच्या जागी आहे. मधल्या बोटाचे शेवटचे हाड आणि त्याभोवती गुंडाळलेले जाड नख म्हणजे खूर. आपले नख आणि खुराची भिंत दोन्ही केराटिन या प्रथिनाची बनलेली असतात.

चारशे किलोचा प्राणी नखावर उभा राहतो, तेव्हा आतले हाड खाली का घसरत नाही? दोन वह्या घ्या, त्यांची पाने एकाआड एक एकमेकींत घाला आणि ओढून पाहा. त्या सुटत नाहीत. खुराच्या भिंतीची आतली बाजू आणि हाडावरचे आवरण अशाच पानांनी एकमेकांत गुंतलेले असते. प्रत्येक खुरात अशी सुमारे सहाशे पाने असतात आणि प्रत्येक पानाला दीडशे-दोनशे बारीक उपपाने असतात. वह्यांमध्ये घर्षण काम करते, खुरात जिवंत ऊती. म्हणूनच ही पकड आजारीही पडू शकते. फार धान्य किंवा फार गोड, लुसलुशीत गवत खाल्ल्याने या पानांना इजा होते, हाड सुटू लागते आणि घोड्याला पाऊल टाकणे अशक्य होते. पशुवैद्यक या आजाराला लॅमिनायटिस म्हणतात.

वाढ आणि झीज

आपले नख महिन्याला तीन मिलिमीटरच्या आसपास वाढते. खूर वाढतो आठ-दहा मिलिमीटर. पुढच्या बाजूला भिंतीची लांबी आठ-नऊ सेंटिमीटर धरली, तर संपूर्ण नवा खूर यायला नऊ महिने ते वर्ष लागते. घोडा रोज चालत असेल तर जेवढा खूर वाढतो तेवढाच झिजतो. खुंट्याला बांधून, आगाडी-पिछाडी लावून ठेवलेल्या घोड्याचा खूर वाढतच राहतो, पसरतो आणि त्याला चिरा पडतात. उलट, ओझे घेऊन दगडी रस्त्यावर दिवसभर पळणाऱ्या घोड्याचा खूर वाढीपेक्षा लवकर झिजतो. नाल आली ती या दुसऱ्या अडचणीसाठी.

नालबंद खिळे ठोकतो ते भिंतीच्या बाहेरच्या, संवेदना नसलेल्या भागात. त्यामुळे नीट ठोकलेला खिळा दुखत नाही. पण नालीचे परिणाम असतात. भार पडला की खूर टाचेकडे किंचित फाकतो. तळव्याच्या मागच्या भागात इंग्रजी व्ही अक्षरासारखा रबरी भाग असतो, तो जमिनीला टेकतो. या हालचालीने धक्का शोषला जातो आणि खुरातील शिरांच्या जाळ्यातून रक्त वर ढकलले जाते. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतात, फक्त कंडरा असतात. त्यामुळे रक्त परत पाठवण्यासाठी चालण्याची ही मदत मोलाची ठरते. ताठ लोखंडामुळे खुराचे फाकणे कमी होते आणि जमिनीचा धक्का जास्त कंपनांसह वर जातो. शिवाय नालीखाली खूर झिजत नाही. म्हणून चार ते सहा आठवड्यांनी नाल काढून खूर छाटावा लागतो.

जागा नव्हे, चालण्याचे कारण

अमेरिकेतील नालबंद जेमी जॅक्सन यांनी १९८२ ते १९८६ या काळात तेथील पश्चिमेकडच्या रखरखीत प्रदेशातल्या मोकाट घोड्यांचे निरीक्षण केले. नाल नसलेल्या त्या घोड्यांचे खूर आखूड, घट्ट आणि कडेने गोलसर झिजलेले होते. घोडे ठरावीक वाटांनी चारा, पाणी आणि क्षार असलेल्या जागांकडे सतत जात-येत होते. त्यावरून त्यांनी २००६ साली एका पुस्तकात ‘वाट पद्धत’ सुचवली.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी घोड्यांच्या गळ्यात उपग्रहाद्वारे स्थान नोंदवणारी यंत्रे बांधली. मोकाट घोडे दिवसाला सरासरी सुमारे १६ किलोमीटर चालत होते. सहा मीटर लांब-रुंद आवारातला घोडा जेमतेम एक किलोमीटर चालला. सोळा हेक्टरच्या कुरणातला घोडासुद्धा सातच्या आसपास थांबला. म्हणजे नुसती जागा वाढवून घोडा चालत नाही. पायाखालीच गवत असेल तर तो कशाला चालेल?

वाट पद्धतीत याच प्रश्नाला भूमितीने उत्तर दिले आहे. ६४ मीटर बाजूचा चौरस, म्हणजे साधारण एक एकर जमीन घ्या. कुंपणाच्या आतून चार मीटर रुंदीची वाट सोडून आत दुसरे कुंपण घाला. वाटेचे क्षेत्रफळ ६४² − ५६² = ९६० चौरस मीटर, म्हणजे जमिनीचा पाव भागही नाही. मधोमध मोजली तर एका फेरीची लांबी २४० मीटर. वीस फेऱ्या झाल्या की ४.८ किलोमीटर चाल झाली. आता पाणी एका कोपऱ्यात, कडबा दुसऱ्या, मीठ तिसऱ्या आणि सावली चौथ्या कोपऱ्यात ठेवा. चारा एका जागी न टाकता थोडा-थोडा विखरून टाका. आतल्या चौरसातले गवत वाळवून बेतानेच द्या.

चारा विखरून टाकण्याचे आणखी एक कारण आहे. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरते, पण ते सौम्य करणारी लाळ फक्त चावताना सुटते. दोन वेळा तोबऱ्यातून चंदी खाऊन उरलेला वेळ उपाशी राहणाऱ्या घोड्याच्या जठरात व्रण होऊ शकतात.

कळपाचेही तसेच आहे. घोडा हा शिकार होणारा प्राणी. उभ्याने तो डुलक्या घेतो, पण पुरेशी गाढ झोप त्याला आडवे झाल्यावरच लागते, आणि सुरक्षित वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही. कळपात एक झोपतो तेव्हा दुसरा उभा राहतो. एकमेकांची मान दाताने खाजवताना घोड्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हेही मोजून पाहिले गेले आहे.

आपल्याकडची वाट

आपल्या दख्खनच्या पठारावर मेंढपाळ धनगरांचे घोडे पिढ्यान्‌पिढ्या चालतच जगले आहेत. दिवाळीनंतर हे मेंढपाळ कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याआधी कमी पावसाच्या मुलखात परततात. बिऱ्हाडाचे सामान, कोंबड्या आणि नवजात कोकरे घोड्याच्या पाठीवर असतात. भीमेच्या थडीवरून, म्हणजे काठावरून, नाव पडलेल्या या भीमथडी घोड्याची २०२४ साली स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली. कुंपण न घालता इथे तीच सूत्रे दिसतात : सोबत, रोजची चाल, कोरडा चारा आणि बदलती जमीन.

परदेशातली पद्धत इथे उचलून आणताना पावसाळा विसरून चालणार नाही. काळ्या मातीची वाट जुलैत चिखलाची होते. सतत ओला राहिलेला खूर मऊ पडतो आणि तळव्याचा रबरी भाग सडू लागतो. म्हणून वाटेला उतार, चर आणि मुरुमाचा थर हवाच. मुरूम खूर घासतो आणि पाणीही जिरवतो. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे आणि घोडे तांबड्या मातीच्या वाटांवर चालतात. तेथे रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवण्याला घोडेवाल्यांनी घोडे घसरतात म्हणून विरोध केला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पायाखाली काय आहे, हा त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

यातून ‘नाल वाईट’ असा निष्कर्ष मात्र काढू नये. ऑस्ट्रेलियातल्या त्याच संशोधकांना मोकाट घोड्यांच्या खुरांतही दोष आढळले. डांबरी रस्त्यावर ओझे ओढणाऱ्या घोड्याची नाल एके दिवशी उपटून टाकली, तर तो लंगडेल. आधी काम, जमीन आणि चारा बदलायला हवा, आणि नवा खूर येईपर्यंत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली वर्षभर धीर धरायला हवा.

वर्गात करण्याजोगे

१. नखावर मेंदी लावा. महिन्याने नखाच्या मुळाशी किती बिनरंगी भाग दिसतो ते मिलिमीटरमध्ये मोजा. त्यावरून आपले पूर्ण नख किती महिन्यांत बदलेल ते काढा आणि खुराशी तुलना करा.

२. एक एकर जमीन चौरसाऐवजी १२८ × ३२ मीटरची असेल, तर चार मीटर रुंदीची वाट किती लांब होईल? कोणता आकार घोड्याला जास्त चालवील?

३. गावात घोडा असेल तर मालकाला विचारून, घोड्याच्या मागे न जाता, दुरून पाहा. नाल आहे का? दिवसातून किती तास तो बांधलेला असतो? किती वेळा आणि काय खातो? दुसरा घोडा त्याला दिसतो का? मालकाला हेही विचारा की खूर छाटायला कोण येते. नालबंद भेटला तर त्याला शाळेत बोलवा. खुराविषयी तो जे सांगेल, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.