कंप्रेसरची टाकी: भोक पडल्यावर वेल्डिंग का मारू नये

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात आम्ही 'दाब' शिकवत होतो. मागच्या बाकावरून एका मुलाने हात वर केला. "सर, आमच्या कंप्रेसरच्या टाकीला खालून सुईएवढं भोक पडलंय. अब्बू म्हणतात वेल्डिंग मारू या. मामू म्हणतात आधी पाणी भरून टेस्ट करा. पण पाण्याने टाकी फुटली तर?"

या मुलाचं घर साकीनाक्याला, खैरानी रोडच्या आतल्या गल्लीत. खाली सोफ्याचं काम चालतं, वर पोटमाळ्यावर कुटुंब राहतं आणि टाकी जिन्याखाली. म्हणजे घरातली पोरं ज्या पायऱ्यांवरून रोज झोपायला जातात, त्यांच्या बरोबर खाली. आम्ही धडा तिथेच थांबवला आणि राहिलेला तास त्या टाकीवर घालवला. त्या दिवशी फळ्यावर जे लिहिलं, तेच इथे मांडतो आहोत, कारण हा प्रश्न एका घरापुरता नाही. जोगेश्वरीला ओशिवरा फर्निचर मार्केटच्या मागे पॉलिश मारणारे, असल्फ्याला स्प्रे पेंटिंग करणारे, कुर्ल्याचे गॅरेजवाले, नाक्यावरचे पंक्चरवाले, सगळ्यांकडे ही टाकी असते. आपल्या ओळखीत असा एक तरी माणूस निघतोच.

आधी कायद्याचं बोलू, थोडक्यात. वाफेच्या बॉयलरसाठी आपल्या देशात १९२३ सालीच कायदा झाला, त्याला सरकारी निरीक्षक असतो. दाबाखालच्या मोठ्या टाक्यांसाठी २०१६ चे नियम आहेत, पण ते १००० लिटरपेक्षा मोठ्या टाक्यांना लागतात. १९४८ च्या कारखाना कायद्यात दाबाच्या यंत्रांसाठी कलम ३१ होतं, मात्र बाप आणि दोन मुलं मिळून चालवतात त्या गाळ्याला कायदा कारखाना मानत नाही. २३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात स्फोट झाला तेव्हा सगळीकडे तपासणीची चर्चा झाली. जिन्याखालच्या ५० लिटरच्या टाकीकडे मात्र तपासायला कुणी येत नाही. ती आपली आपणच पाहायची असते.

आता टाकीत काय चालतं ते बघू. मीटरवर ८ किलो दिसतं, त्याचा अर्थ टाकीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ८ किलोचा जोर. टाकीचा व्यास ३० सेंटिमीटर धरला तर तिच्या एका बाजूच्या झाकणाचं क्षेत्रफळ साधारण ७०० चौरस सेंटिमीटर होतं. गुणाकार करा. साडेपाच टनांहून जास्त जोर त्या एका झाकणाला बाहेर ढकलत असतो, आणि त्याला धरून ठेवतो तो फक्त पत्रा आणि वेल्डिंगचा जोड. पत्रा झिजून निम्मा झाला की त्याच्यावरचा ताण दुप्पट होतो. मोटर चालू-बंद होते तशी टाकी ताणली जाते, सैल होते, पुन्हा ताणली जाते. तार वाकवून वाकवून तुटते तशीच ही गोष्ट आहे.

पत्रा झिजतो कसा? आतून. मुंबईच्या हवेला यात मोठा वाटा आहे. ३० अंशांना एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, आणि पावसाळ्यात आपली हवा जवळजवळ भरलेलीच असते. ती हवा ८ किलोपर्यंत दाबली की तिचा आकार नववा हिस्सा होतो. टाकीत गार झाल्यावर तेवढ्या जागेत फक्त तीन-साडेतीन ग्रॅम वाफ राहू शकते, बाकीचं पाणी होऊन तळाला बसतं. दहा घनमीटर हवा दाबली की पेलाभर पाणी टाकीत. हे पाणी रोज काढलं नाही तर तळ सतत ओला राहतो आणि गंज तिथेच खोल खड्डे पाडत जातो. वरून रंग चकाचक असतो. भंगार बाजारातून 'एकदम नवीन जैसा' म्हणून आणलेल्या टाकीचा रंग तर सगळ्यात चकाचक असतो!

म्हणून ते सुईएवढं भोक एकटं नसतं. त्याच्या आजूबाजूचा पत्रा जवळजवळ तेवढाच पातळ झालेला असतो, फक्त अजून आरपार गेलेला नसतो. अशा पत्र्यावर वेल्डिंगची आग दिली की तो आणखी जळतो, कडक होतो, आणि पुढची चीर त्या टाक्याच्या कडेने जाते. सोय एवढीच होते की सूं सूं आवाज थांबतो. इपॉक्सी पुट्टी लावणारेही आम्ही पाहिले आहेत. भोक पडलं हे नशीब समजावं, टाकीने आधी कळवलं. ती टाकी संपली. तिला टेस्टही करायची गरज नाही.

मग मामूचं पाणी कशासाठी? ते ज्या टाकीला भोक नाही, पण जी जुनी आहे, तिच्यासाठी. आणि मुलाच्या भीतीचं उत्तर असं. ५० लिटरच्या टाकीत ८ किलोला दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते. तिच्यात ५०,००० ज्यूलच्या आसपास ऊर्जा साठलेली असते, ६० किलोच्या माणसाला पंचवीस मजले उचलण्याइतकी. टाकी फाटली तर ही सगळी ऊर्जा एका क्षणात सुटते. पाणी मात्र दबतच नाही म्हटलं तरी चालेल. तीच टाकी पाण्याने काठोकाठ भरून १२ किलोपर्यंत दाबली तरी त्या पाण्यात २० ज्यूलसुद्धा साठत नाहीत. टाकी फाटली तर पाणी उडेल, पायजमा भिजेल, बस्स. म्हणून टेस्ट पाण्यानेच करायची, हवेने कधीच नाही.

पद्धत साधी आहे, पण घाई चालत नाही. टाकी पूर्ण रिकामी करायची, मोटर आणि हेड उतरवायचं, वरच्या तोंडातून पाणी बाहेर सांडेपर्यंत भरायचं. आत हवेचा फुगा राहिला तर टेस्टचा सगळा हेतूच गेला. प्लंबर पाइपलाइन तपासायला हाताचा पंप वापरतात, तो चालतो. नेमप्लेटवर लिहिलेल्या कामाच्या दाबाच्या दीडपट दाब हळूहळू द्यायचा, अर्धा तास ठेवायचा, आणि या वेळात टाकीच्या झाकणांसमोर कुणी उभं राहायचं नाही. काटा उतरला, जोड ओला दिसला किंवा पत्रा फुगला तर टाकी भंगारात. पास झाली तर आतलं पाणी नीट सुकवा, नाहीतर टेस्टनेच गंज वाढेल. पास म्हणजे आजच्या दिवसापुरती पास, हेही खरं. आतले खड्डे वाढतच असतात, म्हणून पत्र्याची जाडी मोजणारा माणूस मिळाला तर त्याच्याकडून तळाची जाडी मोजून घ्यावी.

नेमप्लेटच नसेल तर? दीडपट कशाच्या धरणार? टाकी कुणी, कधी, किती दाबासाठी बनवली हे माहीत नसेल तर आमच्या मते ती घरात ठेवूच नये. हवेच्या टाक्यांसाठी आयएस ७९३८ असं भारतीय मानक आहे, नवीन घेताना दुकानदाराला त्याबद्दल जरूर विचारा.

याहून धोक्याची एक जुगाडू टाकी असते: फ्रिजचा जुना कंप्रेसर आणि त्याला जोडलेला एसी गॅसचा रिकामा सिलिंडर. मोबाइलवर बघून पोरं बनवतात, आवाज कमी म्हणून घरात आवडतेही. पण त्यातले बरेच सिलिंडर एकदाच वापरून फेकायचे असतात, पत्रा पातळ असतो आणि तळातलं पाणी काढायला कॉक नसतो. उलट फ्रिजचा कंप्रेसर दाब चढवतच राहतो. अशी वस्तू घरात असेल तर आजच बंद करा.

सेफ्टी वॉल्वबद्दल एक गैरसमज आहे. "वॉल्व चालू आहे ना, मग कसली भीती?" असं कारागीर म्हणतात. वॉल्व जास्त चढलेल्या दाबापासून वाचवतो. गंजलेली टाकी रोजच्या दाबालाच फाटू शकते, तेव्हा वॉल्वला काही कळतही नाही. तरी तो चालू हवाच. महिन्यातून एकदा त्याची कडी ओढून हवा सुटते का पाहावं. गळतो म्हणून तिथे बोल्ट बसवणारे लोक आहेत. प्रेशर स्विच चिकटला की मोटर थांबत नाही, आणि मग त्या बोल्टमुळे हवेला दुसरा रस्ता उरत नाही. 'अल्लाह मालिक' म्हणून बटण दाबायचं, पण बोल्ट तर आपणच लावलेला असतो.

बाकी रोजची कामं दोन मिनिटांची. संध्याकाळी मोटर बंद करून खालचा कॉक उघडा. पाणी तांबडं आलं, त्यात गंजाचे कण दिसले तर तपासणी पुढे ढकलू नका. पाय जिथे टाकीला जोडलेत तिथे आणि जोडांवर बारीक चिरा शोधा. रात्री टाकी भरलेली ठेवू नका. जमलं तर टाकी जिन्याखालून हलवा. हवेची लाइन प्लास्टिकच्या पीव्हीसी पाइपने काढली असेल तर बदला, तो पाइप फुटतो तेव्हा त्याचे तुकडे काचेसारखे उडतात.

त्या मुलाचे अब्बू दुसऱ्या आठवड्यात शाळेत आले. नवीन टाकीला हजारो रुपये आणि वेल्डिंगला दोनशे, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सीझन मंदीचा होता. आम्ही त्यांना एवढंच विचारलं की जिन्यावरून दिवसातून किती वेळा पोरं जातात. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग भावाकडून उसने घेऊन त्यांनी टाकी बदलली. जुनी भंगारवाल्याला देण्याआधी, आमच्या सांगण्यावरून, पूर्ण रिकामी करून ग्राइंडरने तिचा तळ कापला. न कापता दिलेली टाकी रंग लावून पुन्हा बाजारात येते आणि दुसऱ्या कुणाच्या तरी जिन्याखाली जाते. तळाचा तो तुकडा मुलाने वर्गात आणला होता. एका जागी बोटाने दाबला तर पत्रा वाकत होता.