नेट गेलं, पण नेमकं कुठून?

फोनवर वाय-फायचं चिन्ह पूर्ण भरलेलं आणि व्हिडिओ मात्र नुसता गोल गोल फिरतोय. ‘रेंज तर फुल आहे!’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येतं आणि गैरसमजाची सुरुवात तिथूनच होते. त्या रेघा फोन आणि राउटर यांच्यामधल्या अंतराचीच हकीकत सांगतात. राउटरपासून पुढे, भिंतीबाहेर पडून कंपनीकडे जाणाऱ्या तारेबद्दल त्यांना काहीच ठाऊक नसतं. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली, तरी घरात रेंज फुलच दिसणार.

म्हणून शोध राउटरच्या दिव्यांपासून सुरू करावा. फायबरच्या जोडणीत ‘एलओएस’ असं लिहिलेला दिवा लाल झाला, तर प्रकाशाचा संकेत घरापर्यंत पोचतच नाही. मग फोनच्या सेटिंग्जमध्ये कितीही डोकं घातलं तरी व्यर्थ. कधी दोष घरातच असतो. कपाट सरकवताना पिवळी बारीक वायर मागे दुमडली जाते. आतला काचेचा तंतू फार वाकला की प्रकाश बाहेर निसटतो. वायर धडधाकट दिसते, नेट मात्र बंद.

सगळ्यांत महाग पडणारा घोटाळा रीस्टार्ट आणि रीसेट या दोन शब्दांचा. राउटरचं बटण बंद करून अर्ध्या मिनिटानं चालू करणं म्हणजे रीस्टार्ट. त्याला अडाणी उपाय समजणारे चुकतात: राउटरची स्मृती रिकामी होते, अडकलेल्या जोडण्या सुटतात, कंपनीकडून पत्ता नव्यानं मागितला जातो. मागच्या बारीक भोकात टाचणी दाबून धरणं हा रीसेट, आणि तो राउटरला कारखान्यातून निघाला त्या अवस्थेत नेऊन ठेवतो. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड तर जातातच. पुष्कळ जोडण्यांमध्ये कंपनीनं राउटरमध्ये भरून दिलेलं यूजरनेम आणि पासवर्डही पुसले जातात. ते घरच्यांकडे लिहिलेले नसले, तर पाच मिनिटांची अडचण तंत्रज्ञ येईपर्यंत लांबते. टाचणी हाती घेण्याआधी ती माहिती कागदावर उतरवून ठेवलेली असायलाच हवी.

दिवे ठीक आहेत, तरी एकट्या लॅपटॉपलाच नेट नाही? मग त्याचा आयपी पत्ता पाहावा. घरातले पत्ते बहुधा १९२.१६८ नं सुरू होतात. तिथे १६९.२५४ दिसलं, तर राउटरनं पत्ता दिलेला नाही आणि लॅपटॉपनं स्वतःच एक तात्पुरता पत्ता लावून घेतला आहे. दोष लॅपटॉप आणि राउटर यांच्यामध्येच आहे. कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही.

‘वेबसाइट उघडत नाही म्हणजे नेट बंद’ हेही खरं नाही. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेली ‘पिंग’ ही छोटी आज्ञा इथे अजून कामाला येते. कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग ८.८.८.८ टाकल्यावर उत्तर येतं, पण वेबसाइटच्या नावानं काहीच उघडत नाही, तेव्हा जोडणी जिवंत असते. नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस यंत्रणा तेवढी रुसलेली असते. सेटिंग्जमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरून पाहावं.

आणि कधी दोष घरातही नसतो, कंपनीतही नसतो. ४ ऑक्टोबर २०२१ ला भारतात रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम एकदम बंद पडले ते जवळपास सहा तास. देखभालीच्या कामातल्या एका चुकीनं फेसबुकच्या डीएनएस सर्व्हरांकडे जाणारे मार्गच इंटरनेटवरून नाहीसे झाले होते. त्या रात्री घरचा राउटर दहादा बंद-चालू करूनही काही साधलं नसतं. दुसरी एखादी साइट उघडून पाहिली असती, तर एका मिनिटात उलगडा झाला असता.

वेगाबद्दलची तक्रार निराळी. १०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही फाइल सेकंदाला १२ एमबीनंच उतरते, म्हणून फसवणूक झाली असं वाटतं. प्लॅन मेगाबिटमध्ये मोजतात, फाइल मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० चे साडेबारा. हिशेब बरोबर आहे.

पण ३०० चा प्लॅन आणि केबल लावलेल्या संगणकावर वेग ९५ च्या आसपासच अडकलेला, ही तक्रार खरी असू शकते. गिगाबिट वेगाला लॅन केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. पिनमध्ये एखादी तार सुटली, की दोन्ही टोकांची यंत्रं बहुधा निमूटपणे १०० वर उतरतात आणि कुठेही लाल दिवा लागत नाही. प्लॅन वाढवण्याआधी शेजारची एखादी चांगली केबल मागून लावून पाहावी.