मिश्र वापराच्या वस्तीची पुनर्रचना आणि दर्शनी लांबीचा प्रश्न

जुन्या शहराच्या मध्यभागी ज्या वस्त्या असतात, त्यांत निवास आणि व्यापार यांची फारकत झालेली नसते. तळमजल्यावर गाळे, मागील बाजूस कोठार किंवा लहानसा कारखाना आणि वरच्या माळ्यांवर बिऱ्हाडे, अशी इमारतींची रचना असते. अशा वस्तीची पुनर्रचना करताना नियोजनकाराचे लक्ष प्रायः एकाच परिमाणावर, म्हणजे बांधकामाच्या क्षेत्रफळावर, केंद्रित होते. वस्तुतः येथे दुसरेही एक परिमाण तितकेच निर्णायक असते. ते म्हणजे रस्त्याकडे तोंड करून असलेल्या दर्शनी बाजूची लांबी. मुंबईतील भेंडी बाजाराच्या उदाहरणावरून या दोहोंतील भेद स्पष्ट करता येईल.

महंमद अली मार्गालगतच्या या वस्तीच्या समूह पुनर्विकासासाठी २००९ साली सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. योजनेचे क्षेत्र सुमारे १६.५ एकर असून त्यात सुमारे २५० जुन्या इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने होती. म्हणजे दर एकरी सुमारे १९४ कुटुंबे आणि ७६ दुकाने असे प्रमाण पडते. प्रत्येक पात्र कुटुंबास किमान ३५० चौरस फुटांचे घर मालकी हक्काने द्यावयाचे आणि जुन्या इमारतींच्या जागी मोजके उंच मनोरे उभारावयाचे, असे योजनेचे स्वरूप आहे.

इमारतींच्या दुरवस्थेची कारणे सर्वपरिचित आहेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, दुरुस्तीत मालकास स्वारस्य उरले नाही आणि पागडीच्या प्रथेमुळे मालकी व ताबा यांचे हितसंबंध परस्परांपासून दूर गेले. १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ नेमले गेले. तथापि दुरुस्तीने आयुष्य लांबते, इमारत नवी होत नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी याच योजनाक्षेत्रातील हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे मृत्युमुखी पडली. सबब पुनर्रचना करावी की न करावी हा प्रश्नच उरत नाही. ती कोणत्या क्रमाने विचारात घ्यावी, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

विकास नियंत्रण नियमावलीतील समूह पुनर्विकासाच्या नियमाने अशा क्षेत्रास ४ इतका चटईक्षेत्र निर्देशांक देऊ केला. १६.५ एकर म्हणजे सुमारे ७ लाख १९ हजार चौरस फूट. संपूर्ण क्षेत्र हिशेबात धरल्यास चौपटीने सुमारे २८ लाख ७५ हजार चौरस फूट बांधकाम निघते. ३,२०० कुटुंबांना प्रत्येकी ३५० चौरस फूट दिल्यास ११ लाख २० हजार चौरस फूट लागतात. भिंती, जिने आणि दुकाने यांची भर घातल्यावरही विक्रीयोग्य असा काही भाग उरतो आणि त्यातून खर्च भागविण्याची अपेक्षा असते. क्षेत्रफळाचा हिशेब असा जुळविता येतो, कारण मजल्यावर मजला चढविता येतो.

दर्शनी लांबीच्या बाबतीत मात्र ही सोय नाही. उदाहरणादाखल प्रत्येक दुकानास १० फूट दर्शनी बाजू लागते असे मानू. १,२५० दुकानांना १२,५०० फूट हवेत. आता हे क्षेत्र चौरसाकृती आहे अशी कल्पना केली, तर त्याची एक बाजू सुमारे ८४८ फूट आणि परिमिती सुमारे ३,३९० फूट भरते. बाहेरच्या रस्त्यांलगत फार तर ३४० दुकाने बसतील. उरलेल्या ९१० दुकानांसाठी सुमारे ९,१०० फूट लांबी आतील गल्ल्यांच्या दोन्ही कडांना मिळाली पाहिजे. म्हणजे सुमारे ४,५५० फूट लांबीच्या, अर्थात क्षेत्राच्या आरपार जाणाऱ्या पाच ते सहा गल्ल्या आवश्यक ठरतात. प्रत्येक गल्ली ३० फूट रुंद ठेवल्यास भूभागाचा सुमारे एकपंचमांश त्यांतच जातो. शिवाय मनोऱ्यांची प्रवेशद्वारे, वाहनतळाचे उतार, विद्युत उपकेंद्रे आणि अग्निशामक वाहनांची वाट यांनाही हीच दर्शनी बाजू लागते.

जुन्या बोळांचे जाळे गैरसोयीचे आणि अपुऱ्या उजेडाचे होते, हे नाकारता येत नाही. परंतु ज्या लांबीवर शेकडो कुटुंबांचा चरितार्थ अवलंबून होता, ती लांबी त्याच जाळ्याने पुरविली होती. भूखंड एकत्र करून मोकळी जागा वाढविली की उजेड व वारा सुधारतो. त्याच वेळी दर्शनी बाजू घटते. मिश्र वापराच्या नियोजनातील खरा ताण हाच होय.

हा ताण कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे दुकानांचे वर्गीकरण. घाऊक व्यापारी किंवा कारागीर यांचे गिऱ्हाईक ओळखीचे असते; मालवाहू उद्वाहकाची सोय असल्यास ते पहिल्या वा दुसऱ्या मजल्यावर जाऊ शकतात. मिठाईवाला, खाणावळवाला किंवा टोप्या व अत्तर विकणारा यांचा धंदा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांवर चालतो. या वस्तीतील रौदत ताहेरा या समाधिस्थानी येणारे यात्रेकरू अशा दुकानांचे मोठे आधार आहेत. त्यांना वरच्या मजल्यावर दुप्पट क्षेत्रफळ दिले तरी भरपाई होत नाही. सबब गाळेधारकाचा हक्क नोंदविताना क्षेत्रफळाबरोबर दर्शनी रुंदी, रस्त्याचा प्रकार आणि कोपऱ्याची जागा यांचीही नोंद व्हावयास हवी.

टप्प्यांच्या आखणीलाही हाच न्याय लागू पडतो. संक्रमणकाळात बिऱ्हाड दुसरीकडे नेता येते, गिऱ्हाईक नेता येत नाही. दुकान काही वर्षे दूर राहिल्यास परत मिळणारा नवा गाळा पूर्वीचा धंदा परत देईलच असे नाही. म्हणून तात्पुरती दुकाने शक्यतो त्याच परिसरात, चालत्या रस्त्यालगत ठेवणे श्रेयस्कर.

यावरून नियोजनाचा क्रम निश्चित होतो. प्रथम वस्तीतील धंद्यांची पाहणी, तीवरून आवश्यक दर्शनी लांबी, त्या लांबीवरून गल्ल्यांची आखणी आणि शेवटी मनोऱ्यांची जागा. प्रथम मनोरे ठरवून उरलेल्या कडांवर दुकाने बसविण्याची रीत हिशेबास सोयीची असते खरी. पण तिने घरे सुरक्षित झाली तरी बाजार टिकेल अशी हमी देता येत नाही.